भजन झालं की डोनट

हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेले प्लास्टिकचे डबे असतात ना, तसे किस्से असतात. आपण मागायला जात नाही, तरी साठत जातात! एक दिवस कपाट उघडावं तर धडाधड अंगावर पडतात. माझ्या कपाटात सध्या आमच्या भजनाच्या मैत्रिणींचे डबे वरच्या फळीपर्यंत आलेत. म्हटलं, थोडे तुमच्याकडे सरकवावेत.

आम्ही तिघी. आमच्या खमरिया वस्तीतल्या देवळात दर गुरुवारी दत्ताचं भजन होतं, ते आटोपलं की मी, शेजारच्या कुसुमताई आणि शैला मागे उरतो. शैलाचा नवरा बँकेत, नागपूरहून बदली होऊन आलेला. तिच्याकडे गाडी आहे, आणि जबलपूरच्या रस्त्यांवर ती चालवायचं धाडसही आहे.

आता तीन बायका टाळ पिशवीत घालून गावभर डोनट काहून खात हिंडतात, ते सांगायलाच हवं. कुसुमताईंचा जावई अनुराग इथलाच, हिंदी घरातला. इंजिनीअर. लग्न झालं तेव्हा बंगळुरूला मोठ्या नोकरीत होता. गेल्या दिवाळीनंतर नोकरी सोडून परत आला आणि नेपियर टाऊनमध्ये डोनट-कॉफीचं दुकान टाकलं. झालं! कुसुमताईंचे यजमान वसंतराव इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले, सरळ रेषेतला माणूस. त्यांनी जावयाशी बोलणंच टाकलं.

"इंजिनीअर पाहून पोरगी दिली, अन् हा भोकाचे वडे तळून राहिला!"

रविवारी अनुराग ऋचाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, स्कूटरवरून फाटकाशी सोडतो आणि तिथूनच वळतो. कुसुमताई खिडकीतून त्याची पाठ बघतात. नवऱ्याला डावलून दुकानात जाणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि जावई करतो तरी काय, हे कळल्याशिवाय जीव थाऱ्यावर नाही. शेवटी म्हणाल्या, "त्याचे सोडून बाकी गावातले डोनट तर मी खाऊ शकते ना वहिनी?"

असा आमचा अभ्यास सुरू झाला.

*

पहिलं दुकान बड्या फुहाऱ्याजवळचं, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या चौकातलं. काचेच्या कपाटात डोनट असे मांडलेले, जसे गौरीपुढचे लाडू! पण आमचा प्रश्न एकच.

"बेटा, अंडा तो नहीं है ना?"

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नहीं आंटी, सब एगलेस है."

कुसुमताईंचं समाधान होईना. "नर्मदा मैया की कसम?"

मुलीने लगेच गळ्याला हात लावला. "नर्मदा मैया की कसम, आंटी!" मग तिने मागे मालकाकडे पाहिलं, पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "बस वो चॉकलेट वाला मत लीजिए. उसकी कसम मैं नहीं खा पाऊँगी."

अशा मुलीचं भलं होवो! तिच्यासाठी मी त्या संध्याकाळी वेगळी वात लावली.

*

त्यातलाच एक साधा डोनट घेऊन आम्ही कमानिया गेटपाशी आलो. तिथे आमचा नेहमीचा जिलबीवाला आहे. त्याच्या खव्याच्या जिलबीपुढे मी संकष्टीचा उपास सोडताना मोदक विसरले आहे, गणपती क्षमा करो. शैलाने त्याला डोनटचा तुकडा दिला. "भैया, ईमानदारी से बताओ."

त्याने झारा बाजूला ठेवला. चावलं. आभाळाकडे पाहिलं.

"दीदी, बनाने वाला मेहनती आदमी है," तो म्हणाला. "बस, बीच का हिस्सा खुद खा गया!"

कुसुमताईंनी "मेहनती" तेवढं ऐकलं. गाडीत बसल्यावर दोनदा म्हणाल्या, "मेहनती म्हणाला हं तो."

*

माझे सोळा सोमवार चालू होते तेव्हाची गोष्ट. उपासाला कॉफी चालते, म्हणून शैला मला एका नव्या कॅफेत घेऊन गेली. कॉफी करणारा तरुण मोठा कलाकार. दुधाच्या फेसात अलगद नक्षी काढून कप पुढे ठेवला. पाहते तर पान!

तीन दळांचं. हुबेहूब बेलाचं!

सोमवार, महादेवाचा दिवस, आणि बेलाच्या पानाला तोंड कसं लावू? मी आपली हात जोडून बसले. कॉफी गार होत चालली. तो तरुण धावत आला. "आंटी, कुछ गड़बड़ हो गई?"

शैलाने त्याला सगळं समजावलं. तो बिचारा कप घेऊन गेला आणि दुसरा घेऊन आला. वर पांढरा सपाट फेस. मोठ्या नम्रतेने म्हणाला, "लीजिए आंटी, बिना भगवान वाली."

मी म्हटलं, "बेटा, बिना भगवान का तो दूध भी नहीं फटता!"

पुढच्या सोमवारी गेले तर त्याने स्वतःहून कपाशेजारी खरं बेलाचं पान आणून ठेवलं. सकाळी देवळातून येताना तोडलं म्हणे. हल्लीच्या मुलांना नावं ठेवणाऱ्यांनी त्या कॅफेत एकदा जाऊन यावं.

*

सदर बाजारातल्या जुन्या कॉफी हाऊसला आम्ही गेलो तो शनिवार होता, आणि शनिवार हा वसंतरावांचा तिथला ठरलेला वार, हे कुसुमताई विसरल्या. दारातून आत जातो तर समोरच्या टेबलावर फॅक्टरीतल्या मित्रांसोबत वसंतराव!

"तू इथे काहून?"

"कॉफी प्यायला."

"घरी नाही मिळत काय?"

तेवढ्यात तुरेदार पगडीवाला वाढपी अदबीने वाकून कुसुमताईंची खुर्ची सरकवून उभा राहिला. कुसुमताई बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मिळते ना. पण घरी कोणी पगडी बांधून आणून देत नाही!"

मित्रमंडळी टेबल बडवून हसली. वसंतरावही मिशीतल्या मिशीत हसले. निघताना मात्र माझ्याजवळ थांबले. इकडेतिकडे पाहत म्हणाले, "वहिनी, तुम्ही गावभर ते गोल-गोल खाऊन राहिल्या म्हणे. आतून कच्चे तर नसतात ना ते?"

"कोणाचे?" मी विचारलं.

"कोणाचेही," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

*

शेवटी शैलाला राहवेना. एका गुरुवारी ती परस्पर अनुरागच्या दुकानातून डबा घेऊन आली. त्याच्याकडे अंड्याला पहिल्यापासून मनाई आहे. ऋचाने तशी अटच घातली होती. पण कुसुमताई डब्याला हात लावेनात. "हे जात नाहीत, तर मी कशी खाऊ?"

मी डबा घरी नेला, वर तुळशीचं पान ठेवलं, दत्तापुढे नैवेद्य दाखवला. संध्याकाळच्या आरतीला दोघं नवराबायको आले. मी द्रोणात तुकडे वाटले. प्रसादाला नाही म्हणणं वसंतरावांना माहीत नाही. कुसुमताईंनी तर डोळे मिटून खाल्ला, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

वसंतराव बोटं चाटत म्हणाले, "प्रसाद चांगला आहे. कुठल्या देवळातला?"

खोटं मी बोलत नाही. म्हटलं, "नेपियर टाऊनचा."

ते द्रोण पुढे करून म्हणाले, "पुजाऱ्याचा हात बरा आहे."

*

आणि मग यंदा अधिक महिना आला. अधिकात जावई म्हणजे नारायण. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, सोबत दिवा. अनारसेच का, तर वाण जाळीचं हवं, छिद्रांचं. कुसुमताईंनी तांदूळ भिजवले, गूळ घातला, पीठ मुरवलं. जावयाला बोलवायचं की नाही, यावर घरात चकार शब्द नाही. त्या आपल्या करत गेल्या. मी आणि शैला मदतीला होतो. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. म्हणजे फुटून पसरला. दुसराही हसला. तिसरा तर खदाखदा!

कुसुमताईंच्या डोळ्यांत पाणी. "देवाच्याच मनात नाही वहिनी."

"हसलेच ना ताई," मी म्हटलं, "रडले तर नाहीत!"

शैला कढईत डोकावून म्हणाली, "छिद्रच पाहिजे ना? मग डोनटला काय कमी आहे? एकच, पण केवढं!"

आम्ही दोघी हसलो. कुसुमताई नाही. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "शास्त्रात बसते काय ते?"

मी दारातून डोकावले. वसंतराव पेपर वाचत होते, पण पान मघापासून उलटलं नव्हतं.

मी पोळपाट धुता धुता म्हटलं, "देव छिद्र बघत नाही वसंतराव. छिद्रं बघतात ती माणसं."

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाच्या गाडीत पुढच्या सीटवर वसंतराव बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध. मागे मी आणि कुसुमताई, मांडीवर पितळेचं निरांजन.

दुकान लहानसं, लख्ख. दोन कॉलेजच्या मुली पुढे होत्या, वसंतराव त्यांच्यामागे रांगेत उभे राहिले. अनुरागने मान वर केली आणि हातातला चिमटा तसाच राहिला.

"पापाजी…"

"तेहतीस," वसंतराव म्हणाले. "सादे वाले. ताजे निकालो, हम रुकेंगे."

ते बाकावर बसले. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. अनुराग एकेक तळून काढत होता, वसंतराव एकेक निरखत होते, फॅक्टरीत निरखत असतील तसे. एकही परत पाठवला नाही. ऋचा आतून पिठाच्या हातांनी आली, आईला पाहिलं आणि दाराशीच उभी राहिली.

मोठा डबा भरला. अनुरागने झाकण लावलं, मार्कर उचलला. गिऱ्हाइकाला विचारायचं ते सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "ऑर्डर किस नाम से है?"

वसंतराव उठून काउंटरपाशी आले. कुसुमताईंनी निरांजन पेटवलं.

"लिखो. जावईबापू."

अनुराग मान खाली घालून लिहायला लागला. "जावई"पर्यंत आला आणि मार्कर थांबला.

वसंतरावांनी बोट डब्यावर टेकवलं.

"आधा ही हुआ है," ते म्हणाले. "बापू बाकी है. पूरा लिखो."