आपोआप सुटणारी गोळी

बंदुकीच्या गेमांनी खेळ बिघडवला का हो अक्का, असं आमच्या समोरच्या मोबाईलवाल्यानं मला एकदा विचारलं. हा लहानपणी आमच्याच दुकानात खेळून मोठा झालेला, आता त्याच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायलेत. मी म्हणलं, बाबा, मी चौथी शिकलेली बाई, मला काय इचारतोस. पण खरं सांगू का, कमलनगरात ह्या विषयावर बोलायचा हक्क कुणाचा असेल तर तो माझाच. पंधरा-सोळा वर्षं मी व्हिडिओ गेमचं दुकान चालवलंय.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तीन टीव्ही, तीन कॅसेटवाले गेम, सहा रिमोट. सामान आणायचे आमचे मालक, म्हणजे घरधनी, बिदरहून, आणि दुकानात बसायची मी. खेळणारे मराठीत भांडायचे, कन्नडमध्ये रुसायचे आणि शिव्या सगळे मिळून हिंदीत द्यायचे. हरला की उठायचं, मागचा बसणार. पण उठायच्या आधी जिंकलेल्यानं त्याला सांगायचं, तू कुठं चुकलास. हा नियम मालकांनी घातलेला. त्यामुळं हरलेला माणूस काहीतरी घेऊन उठायचा. आणि मागं उभे असलेले फुकटात शिकायचे. रणगाड्यांच्या गेममध्ये तेव्हाही गोळ्याच होत्या, म्हणून गोळीला नावं ठेवायचं मला काही कारण नाही.

मी टीव्ही कधी बघितला नाही. मी हात बघायची. रिमोटचं बटण कोण दाबतंय आणि कोण ठेचतंय, ते हातावरनं कळतं. ठेचणाऱ्याला उठवायचं, नाहीतर बटण आत जाऊन बसतं आणि दुरुस्तीला उदगीरला पाठवावं लागतं. एवढी वर्षं हात बघून बघून मला असं झालं की चेहरा विसरायची, पण अंगठा ओळखायची.

मग हरेकाच्या खिशात फोन आला. येणारे कमी झाले. कधीमधी कुणी यायचं ते पण पंख्याखाली बसून फोनवर बंदुकीचा गेम खेळायचं. चारजण शेजारी शेजारी, कानात फोनची बोंडं घालून, चौघं चार ठिकाणी मरायलेत. कुणी मारलं, कुठून मारलं, कामून मेलो, सांगणारं कुणी नाही. मेला की लगेच दुसरा डाव. दुकान बंद केलं तेव्हा वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे. तसं काही वाटलं नाही. टीव्ही पुसले, माळ्यावर ठेवले, खोलीत ज्वारीची पोती लावली.

मागच्या हिवाळ्यात मालक चहा पीत होते आणि चहा ओठाच्या कडेनं खाली यायला लागला. पुसा की, म्हणलं मी. ते हात उचलायला गेले, तो उचललाच गेला नाही. उजवी बाजू गेली. बिदरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पाय बराचसा आला, बोलणं आलं. हात राहिला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या सहा महिन्यांत जे यायचं ते येईल, पुढं फार आशा धरू नका. वाटीतले हरभरे उजव्या हातानं एक-एक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. रोज. कंटाळा केला तर हात असाच राहील.

मी ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तेव्हापासून कशानंच आलं नाही. स्वयंपाक करते, अंघोळ घालते, शेजारणी आल्या की बोलतेसुद्धा भरपूर. आतून मात्र पाय मुंग्या येऊन बधिर व्हावा तसं.

हरभरे महिनाभर चालले. सांडायचे, मी झाडून गोळा करायची, ते दात-ओठ खायचे. मग पुण्याहून लेक आली. अप्पांचा वेळ जात न्हाई म्हणून तिनं त्यांच्या फोनवर तोच बंदुकीचा गेम घालून दिला. ज्याला हे आयुष्यभर नाक मुरडायचे तोच. "ह्यात काय अक्कल लागतीय," म्हणायचे. आता दोन दिवसांत सूर बदलला.

"अगं, बघ. आज अकरा मारले!"

"बरं झालं. हरभरे उचलता का आता?"

"हात चालायलाय म्हणून तर मारले की. हरभऱ्याचं कशाला लावलीस मागं? कोंबडी हाय का मी?"

हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मी वाटी परत ओट्यावर ठेवली. असं रोज व्हायला लागलं आणि वाटीला हात लागेना.

एके दिवशी दुपारी त्यांच्या डाव्या बाजूला बसून मी शेंगा फोडत होते. सवयीनं नजर हातावर गेली. डावा अंगठा फिरत होता. उजवा काचेवर पडलेला, पालीसारखा निपचित. आणि गोळ्या सुटत होत्या. माणसं पडत होती. अंगठा हललाच नाही. मी शेंगा फोडत राहिले.

संध्याकाळी मोबाईलवाल्याकडं गेले.

"त्यात आपोआप गोळी सुटायचं असतंय, अक्का. माणूस समोर आला की बंदूकच मारती."

"आणि ते मरणारे?"

"नव्या खेळणाऱ्याला समोर माणसं कमीच देतेत. निम्म्याच्या वर गेमचेच बाहुले. जिंकला की माणूस परत येतंय ना."

"म्हणजे सगळेच असले?"

"छे! चांगले खेळणारे हायत की. ते हे सगळं बंद करतेत, चार-चार बोटांनी खेळतेत. त्यांच्यासमोर आपण गेलो तर दारातच आडवं." मग जरा थांबून म्हणाला, "अप्पांना नका सांगू. खुश हायत तर राहू द्या."

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मीच लावून दिलंय ते. त्यांना हरताना बघवंना मला."

सहा महिन्यांतले साडेतीन संपले होते. मी काही न सांगता माळ्यावरून एक टीव्ही आणि एक गेम उतरवून घेतला. पोती सरकवली. मारामारीची कॅसेट लावली, दोघांनी समोरासमोर खेळायची. त्यात उजव्या अंगठ्याशिवाय काही होत नाही. माझा हिशोब असा की त्यांचं त्यांनाच कळेल आणि मला बोलावं लागणार नाही.

"आलीस का लाइनीवर," म्हणत ते बसले. रिमोट मांडीवर टेकवून धरला. पहिला डाव सुरू झाला आणि मी त्यांच्या हाताकडं बघितलं. अंगठा बटणावरून घसरायचा, परत आणायचे, परत घसरायचा. कपाळावर घाम. मी तीन ठोसे मारले असते तर संपलं असतं. मी मारले नाहीत. कोपऱ्यात उभी राहिले, मार खाल्ला, पडले.

ते टीव्हीकडं बघत होते. मग माझ्याकडं.

"मुद्दाम हरलीस."

"न्हाई हो. सवय गेली माझी."

"आपल्या दुकानात मुद्दाम हरणाऱ्याला काय करायचो?"

"बाहेर काढायचो."

"कामून?"

 उत्तर त्यांनीच दिलं. "समोरच्याला वाटतंय मला येतंय. मग तो शिकायचा थांबतो."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलेलं नव्हतं. "मग तिथं फोनवर तरी तुम्ही कुठं जिंकायलाव? गोळी आपोआप सुटती. तुमचा अंगठा हलत न्हाई. मरतेत ते पण माणसं न्हाईत."

 टीव्हीवर त्यांचा पैलवान जिंकल्याचे हात वर करून नाचत होता. थांबतच नव्हता.

"पोरीला माहीत हाय?"

"तिनंच लावलंय."

"बरं," म्हणाले. रिमोट खाली ठेवायला त्यांना वेळ लागला.

दोन दिवस फोन उशाला पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "ते आपोआपचं बंद करून आण त्याच्याकडनं. आणि वाटी दे." बंद करून आणलं. मग मरायला लागले. खेळ सुरू झाला की मरायचे, पुन्हा सुरू, पुन्हा मरण. मारलेल्यांचा आकडा शून्य. अकरावर बसलेला माणूस शून्यावर आला, आणि तिथंच बसून राहिला, रोज तासभर. बाकी वेळ हरभरे. मी बघत होते. आशा वाटायला पाहिजे होती. मी फक्त खाली पडलेले हरभरे गोळा करत होते.

सहा महिने झाले तेव्हा बिदरला गेलो. डॉक्टरांनी बोटं वाकवून बघितली, सुई टोचून बघितली. म्हणाले, अंगठा आलाय बऱ्यापैकी, पहिलं बोट थोडं. बाकीची तीन आता अशीच. आणि विचारलं, सुरुवातीला व्यायाम मधेच सोडला होता का?

"सोडला होता," हे म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही, लेकीचं नाव काढलं नाही.

तर बिघडवलं का बंदुकीच्या गेमनं? मोबाईलवाल्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्याला नुसतं जिंकल्यासारखं वाटावं म्हणून हरायचं, हे त्या गेमनं केलं, लेकीनं केलं, मी पण केलं. गेमला तर आमची मायासुद्धा नव्हती.

परतीच्या एसटीत खिडकीशी मी, शेजारी हे. बस स्टँडातून बाहेर पडली तेव्हा त्यांनी खिशातनं फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ते चालू करून दे."

"काय?"

"आपोआपचं. सहा महिने संपले की आता."

बंद करताना मोबाईलवाल्याच्या खांद्यावरनं मी बघून ठेवलं होतं, कुठं दाबायचं ते. दाबलं, फोन परत दिला. त्यांनी दोन्ही हातांत धरला. भालकी येईपर्यंत त्यांनी चौदा मारले. पुढच्या सीटवरची बाई आवाजानं मागं वळून बघायली, तशी तिची नजर ह्यांच्या हातावर जायच्या आत मी तिला म्हणलं, "बाई, तुम्ही कुठं उतरणार?"