सतरा अण्णा, एक धाकटा

भालकीच्या बसस्टँडवरल्या एका म्हाताऱ्या हमालावर अन्याय झाला, आणि तो आम्हीच केला: गेल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या मंडळाच्या स्थापनेच्या सभेत.

शिकलेल्या तरुणानं एका धाकट्याचा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, व्हावं, त्याला लिहायला-वाचायला शिकवावं, हा मंडळाचा हेतू. आम्ही सतरा जण जमलो आणि सतराही जणांनी अण्णांच्या रकान्यात सह्या ठोकल्या. धाकट्यांचा रकाना कोराच.

तेवढ्यात तो आला. मुंडासं सोडून त्यानं आधी बाक पुसला, मग बसला.

"समदेच अण्णा झाले व्हय? मग मला धाकट्यात घ्या. बसच्या पाट्या कन्नडात झाल्यापासनं हुमनाबादचं ओझं बीदरच्या गाडीच्या टपावर चढवायलोय अन् शिव्या खायलोय."

अध्यक्ष म्हणाले, "अप्पा, वयाची अट हाय. पंचविशीच्या आतच."

"बरं. मग तुमच्यातला एखादा तरी धाकटा व्हा. न्हाईतर शिकवताव कुणाला?"

मुंडासं गुंडाळून तो गेला. आम्ही हसलो, मी सगळ्यात मोठ्यानं.

वाचणाऱ्या, तुला कन्नड वाचता येत असेल तर आमच्या पुढच्या सभेला येऊ नकोस. उद्या सकाळी स्टँडवर जा आणि त्याला 'हु' आणि 'बी' ही दोनच अक्षरं शिकव.