काही गाळू नकोस

कुणी डोळ्यांत पाणी आणून बोलायला लागलं, की हेझलबाई हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "सावकाश सांग. काही गाळू नकोस." समोरच्याला वाटायचं, काय माया आहे या बाईची! माया कसली डोंबलाची.

इंग्लंडात कादंबऱ्यांनी नाव गाजवून, दोन नवरे सोडून आणि तिसरा पुरून बाई नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या लोअर हटला येऊन राहिल्या. मी नर्स; त्यांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला जायची. दुःख लिहावं तर हेझलबाईंनीच, असं लोक म्हणत. ज्या कादंबरीनं त्या मोठ्या झाल्या, तिच्यातलं पाळण्यातच गेलेलं बाळ त्यांच्या लेकीचं, रूथचं होतं. रूथ ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये असायची, पण त्या पुस्तकानंतर तिनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं.

"हेवा, दुसरं काय!" बाई म्हणायच्या. मीही मान डोलवायची.

मग पुण्यात माझे बाबा गेले. वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. मरण झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून इथल्या मराठी मैत्रिणी पिठलं-भात घेऊन आल्या. हेझलबाईही काठी टेकत आल्या, रिकाम्या हातांनी. माझा हात धरून म्हणाल्या, "सावकाश सांग." मी सगळं सांगितलं. बाबांचा शेवटचा फोन आला तेव्हा ड्यूटीच्या घाईत मी "नंतर बोलू" म्हणून ठेवला होता, तेही. नवऱ्याजवळसुद्धा बोलले नव्हते मी ते.

पुढच्या कादंबरीत तो फोन जसाच्या तसा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाब विचारला तर बाई हसल्या. "अगं, वाचून लोक रडतायत. तुझ्या वडिलांचं सोनं केलं मी."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी बाई! ड्रेसिंग मी चुकवलं नाही, नोकरीच ती. बोलणं मात्र बंद केलं.

बाईंनी अंथरूण धरलं तेव्हा रूथला फोन मीच केला. ती आली. आईनं एकदा नुसतं जवळ घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. पलंगाशी बसून ती हमसून हमसून रडली. "आई, बाळाची फार आठवण येते गं."

बाईंचे डोळे लकाकले. "सावकाश सांग," तिचा हात धरून त्या पुटपुटल्या. "काही गाळू नकोस."

रूथनं हात सोडवून घेतला आणि ती बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या. पेपरांनी रकानेच्या रकाने भरले. मी पिठलं-भात केला आणि डबा घेऊन गेले. स्वयंपाकघरात रूथ एकटीच बसली होती. मला बघून तिनं बोलायला सुरुवात केली. "काल आईनं मला..."

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "आधी जेव."