विजयकर सरांना प्रेक्षक हवेत!

म्युझियममध्ये धूळ आणि किस्से, दोन्ही न सांगता साचतात. आमच्या युनिव्हर्सिटीच्या कलासंग्रहालयातली धूळ शिपाई सावळाराम झाडायचा. किस्से मी, तिथला क्लार्क, जपून ठेवले. थोडा मीठमसाला लागलाय, पण माल अस्सल!

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चाललेली. आमचे क्युरेटर विजयकर सर म्हणजे गिरगावातलं जुनं घराणं. लग्न केलं नाही. मूर्ती हाच प्रपंच. त्यांना रजिस्ट्रारसाहेबांचं पत्र आलं: 'प्रेक्षक फिरकत नसल्यास दालने केमिस्ट्रीला द्यावीत.'

सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माणसं आणा रे! कुठूनही आणा!"

*

सावळारामनं डिलाईल रोडची आपली अख्खी चाळ आणली. गाइडही तोच. मुंडकं नसलेल्या पुतळ्यापाशी कुणीतरी विचारलं, "याचं डोकं कुठाय?"

"लंडनला! स्वराज्य आलं, डोकं यायचं बाकी आहे."

*

त्याच घोळक्यातल्या एका मालवणी आजीनं विष्णूपुढे चपला काढल्या आणि चौथऱ्यावर फाट्‌दिशी नारळ फोडला. सर धावले. "अहो आजी, हे देऊळ नाही!"

"मगे देवाक हंय कित्याक डांबून ठेवलास?"

सरांनी निमूट खोबरं घेतलं.

*

मुलींच्या शाळेची ट्रिप येणार होती. आमचा प्लास्टरचा ग्रीक तरुण, अंगावर सूत नाही. सकाळी बघतो तर त्याला पट्ट्यापट्ट्यांची चड्डी!

"सावळाराम, अरे हा ग्रीक आहे!"

"हा असेल साहेब, पण पोरी गिरगावच्या आहेत!"

हेडमिस्ट्रेसबाईंनी जवळ जाऊन चष्म्यातून नीट बघितलं. "नाडी घट्ट बांधा हो याची!"

*

एकदा बाहेर लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला आणि शे-दीडशे मोर्चेवाले आत घुसले. सर दारात व्हिजिटर्स बुक घेऊन उभे! "आधी सही, मग डोळे पुसा!" एकेकाला तिन्ही दालनं दाखवल्याशिवाय सोडला नाही. दोघंतिघं म्हणाले, "त्यापेक्षा लाठी बरी!"

निरोप देताना सरांनी हळूच विचारलं, "पुढचा मोर्चा कधी?"

*

शेवटी रजिस्ट्रारसाहेब स्वतः तपासणीला आले. धोतर, कोट, कपाळावर आठ्या. आणि नेमकं दालनात चिटपाखरू नाही! सर पांढरेफटक.

सावळाराम रस्त्यावर पळाला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" पाच मिनिटांत जमलेला मोर्चा त्यानं थेट आमच्या जिन्यावरून वर आणला. त्या रेट्यात साहेब डागडुजीच्या प्लास्टरच्या पोत्यात पडले. उठले ते नखशिखांत पांढरे! तेवढ्यात खाली पोलिसांची गाडी.

"मोर्चात सापडलो तर माझी नोकरी जाईल हो!"

"साहेब, चढा!" सावळारामनं त्यांना रिकाम्या चौथऱ्यावर ढकललं. "एक हात वर. हां, अस्सं! आता श्वास बेतानं."

इन्स्पेक्टरनं वर येऊन चारसहा जणांना खाली गाडीत धाडलं आणि तो चौथऱ्यापुढे थबकला. "हे कोण?"

"एक दानशूर गृहस्थ," सर म्हणाले.

"पुतळ्याला घाम फुटलाय!"

"दमट हवा हो! पंख्यासाठी वर्षभर अर्ज करतोय, पण आमचे रजिस्ट्रार दाद देत नाहीत."

"भलताच खडूस दिसतो!" म्हणत इन्स्पेक्टरनं व्हिजिटर्स बुकात सही केली आणि तो गेला.

केमिस्ट्रीवाले कधी आलेच नाहीत. सोमवारी दोन नवे पंखे आले.