ओल्या वेलीची छाटणी

एल्मा नित्श्के सत्तरीला आली, तरी माणसांवर ओरडायची तिची हौस काही फिटली नव्हती. ऑस्ट्रेलियात, बरोसा खोऱ्यातल्या फोगेल्सांगांच्या मळ्यात तिने एक्कावन्न हिवाळे शिराझ द्राक्षाच्या वेली छाटल्या. सव्वाशे वर्षांच्या, बुटक्या, वाकड्या वेली. वेलीमागे मूठभर द्राक्षं, आणि मळ्याची नावाजलेली वाइन तेवढ्यातूनच निघायची.

जुलैतली, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातली सकाळ होती, पाऊस भुरभुरत होता. मळ्याचा तरुण मालक क्रेग एका फोटोग्राफरला घेऊन आला.

"आंटी एल्मा, फोटोसाठी एक फांदी काप. एकच."

"वेल ओली आहे."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर डोकं कुठे ठेवून आलास? ओल्या जखमेत बुरशी शिरते. वेल आतून सडत जाते."

"एका फांदीने काय होतंय! हा माणूस अ‍ॅडलेडहून आलाय, दुपारी परत जाणार."

"मग त्याला मेटवुर्स्ट सॉसेज खाऊ घाल आणि वाटेला लाव."

फोटोग्राफर हसला. क्रेगला नाही हसू आलं. त्याने सरळ तिच्या हातातली कात्री घेतली आणि सर्वांत जाड वेलीपाशी वाकला. एल्माला वाटलं, याचा कान धरून पिळावा. याच्या बाप्तिस्म्याचा केक तिने भाजला होता, आणि आता हा तिलाच वेली शिकवणार! पण कान पिळून हा ऐकणाऱ्यातला नव्हता. जे मरेपर्यंत पोटात ठेवायचं ठरवलं होतं, ते या गाढवापायी बाहेर काढावं लागणार होतं.

"थांब. सातव्या रांगेतली मोकळी जागा माहीत आहे ना?"

"दुष्काळात अकरा वेली मेल्या ती? आजोबा प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे."

"डोंबलाचा दुष्काळ! मी मारल्या. माझा पहिलाच हिवाळा. तनुंडा गावात नाच होता, मला लवकर पळायचं होतं. असाच पाऊस होता, तरी छाटल्या. मरायला आठ वर्षं लागली. तेवढ्यात दुष्काळ पडला आणि आळ त्याच्यावर गेला."

"आजोबांना ठाऊक होतं?"

"नाही. ते तिथे टोपी काढून उभे राहायचे. मी शेजारी गप्प."

क्रेग उठला. फांदी तशीच राहिली. फोटोग्राफरला त्याने घरात कॉफीला पाठवलं आणि कात्री स्वतःच्या खिशात घातली.

"पाऊस थांबला की छाटायला बॅरीला बोलावतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू घरी जा, आंटी."

एक्कावन्न वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच संताप आला. फाटकापर्यंत ती गेली, पण तिथेही तिला राहवेना.

"तीन कोरडे दिवस जाऊ देत आधी!" ती ओरडली. "आणि बॅरीचा हात जड आहे, त्याला जुन्या खोडांपाशी एकटं सोडू नकोस!"