बैलाने पाडलेले पोचे

माझ्या लग्नात मोटार आली होती, हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती नुसती मान हलवतात. त्यांचं तरी काय चुकतं? पण तेव्हा देश स्वतंत्र होऊन जेमतेम आठ-दहा वर्षं झाली असतील, आणि गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पलीकडे आमच्या गावात चाकं असलेलं जे काही यायचं त्याच्यापुढे बैल असायचे. मोटार सासऱ्यांनी आणली. गोंदियातले एक तांदळाचे व्यापारी आपली मोटार ड्रायव्हरसकट लग्नांना भाड्याने द्यायचे, तीच ही. सुनेला मोटारीतून न्यायची हौस सासऱ्यांची. मला कोणी विचारलंच असतं तर मी पायी जायला तयार होते, फक्त उलट्या दिशेने.

आमच्याकडे वऱ्हाडाच्या बैलांची एक रीत होती. वऱ्हाडाच्या रेंग्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, गावात शिरल्या की बैल सोडून मुलीच्या बापाच्या हवाली करायचे. तिथून परत जुंपेपर्यंत त्यांचं चारापाणी, त्यांची राखण, सगळं त्याच्याकडे. पाहुण्यांचा एखादा बैल लंगडला तर बापाने आपल्या गोठ्यातला बैल जुंपून द्यायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. बाबांनी ही रीत फारच मनावर घेतली होती. दोन दिवस ते बैलांमध्येच होते. याला सरकीची ढेप, त्याला पाणी, तिसऱ्याच्या खुराला तेल. मला हळद लागली तेव्हा ते बैलांजवळ, बांगड्या भरल्या तेव्हाही बैलांजवळ. मी वाट पाहत होते की घटकाभर येऊन शेजारी बसतील, काहीतरी बोलतील. मला एवढंच हवं होतं. पण ते दारातून डोकवायचे, "खाल्लं का?" म्हणायचे आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जायचे.

मोटार आली तेव्हा प्रश्न पडला, तिला ठेवायची कुठे? बाबांनी तो चुटकीसरशी सोडवला. पाहुण्यांचं वाहन ते पाहुण्यांचं वाहन. मोटार घरामागे बैलांच्या रांगेत, चिंचेच्या सावलीत उभी राहिली. तिच्यापुढे पाण्याची बादली ठेवली गेली, आणि बादलीशेजारी तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाची, एक मोठी पेंढी. ड्रायव्हर पोट धरून हसला. बाबा शांतपणे म्हणाले, "असू दे जी. उद्या कोनी म्हनल, त्यायच्या गाडीपुढं काडी नाई टाकली." पाणी तर मोटार खरंच प्यायली. तणस तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं आणि जेवणं सुरू झाली. मला मागच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. पाठवणीला तासभर असेल. करवल्या जेवायला गेल्या, मी एकटीच राहिले, आणि खिडकीतून समोर मोटार. ड्रायव्हरने ती सकाळीच पुसून अशी लख्ख केली होती की तिच्या काळ्या दारात अख्खी चिंच दिसत होती.

तेवढ्यात आमचा गोऱ्हा आला. नुकताच औताला लावलेला, अंगात मस्ती, दावं तोडण्यात पटाईत. तो तणसाच्या वासाने आला. दोन घास खाल्ले, मान वर केली, आणि मोटारीच्या दारात त्याला दुसरा गोऱ्हा दिसला. हा फुसफुसला, तोही फुसफुसला. याने पाय घासला, त्यानेही घासला.

मी ओरडायला हवं होतं. एक हाक मारली असती तरी दहा माणसं धावली असती. त्याने शिंगं खाली केली तेव्हा पुढे काय होणार हे मला, शेतकऱ्याच्या मुलीला, नक्की ठाऊक होतं. पण माझ्या मनात आलं, मोटार बिघडली तर आज जाणं होणार नाही. आजचा दिवस मिळेल. बाबा बैलांतून मोकळे होतील आणि माझ्याजवळ बसतील. मी तोंडावर पदर धरून पाहत राहिले. दोन धडका दाराला, एक मागच्या चाकावरच्या मडगार्डला.

आवाजाने सगळे धावले. मोटारीला काही झालं नव्हतं, तीन पोचे पडले होते, वाटीएवढे. पण ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मोटारीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि डोक्याला हात लावला. "सेठ पूछेगा किसने किया, तो मैं क्या बोलूँ? बैल ने? मेरी तो नौकरी गई."

सासरे म्हणाले, "आमच्या हातून नाई झालं बा. आमी तं जेवून राहिलो होतो."

"कोन म्हन्ते तुमी केलं?" बाबा पुढे आले. त्यांच्या हातात अजून कोणाच्या तरी बैलाचं दावं होतं. "गोऱ्हा माहा, तणस माही, जागा माही. जबाबदारी माही."

"तो चलके सेठ को बोलो," ड्रायव्हर म्हणाला. "मेरे बोलने से वो नहीं मानेगा."

आता आली पंचाईत. आमच्यात बाप मुलीला गावाच्या शिवेपर्यंत पोचवतो, त्यापुढे जात नाही. बायकांत कुजबुज झाली. बाबांनी ती ऐकली नाही की ऐकून सोडून दिली, कोण जाणे. ते आत गेले, धुतलेला सदरा घालून आले आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मागे मी, नवरदेव आणि नवरदेवाच्या आत्याबाई. बाकीचं वऱ्हाड रेंग्यांतून येणार होतं.

शीव गेली. पुढे बाबांची मान दिसत होती, उन्हाने रापलेली, कानामागे हळदीचा एक डाग. त्या मानेकडे पाहत मी बसले होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नव्या जावयासमोर मुलीशी काय बोलणार? ते ड्रायव्हरशी बोलायला लागले.

"ते धानाची बांधी दिसते का? तेथं आमची बाई रोवण्याच्या चिखलात फसली होती. पाच वर्साची होती. रडली नाई. मलेच म्हने, बाबा, तू काऊन भेऊन राहिला?"

"अच्छा," ड्रायव्हर म्हणाला.

"या तळ्यावर पोहायले शिकली. मी शिकवलं. तिच्या मायले अजून मालूम नाई."

"हाँ, हाँ."

"हिच्या हातची आंबील खाल्ली ना, तं दुसऱ्याच्या हातची जात नाई. आता का करू, तुमीच सांगा."

ड्रायव्हरला अर्धंमुर्धं कळत असावं, पण हे आपल्याशी चाललेलं नाही एवढं त्याने ओळखलं होतं. त्याने मोटार हळू केली. आत्याबाई झोपल्या होत्या. मी तोंडावरचा पदर घट्ट धरून ऐकत होते. जन्मात बाबा माझ्याविषयी इतकं बोलले नव्हते. मला वाटत होतं, हा रस्ता नागपूरपर्यंत जावा, त्याच्याही पुढे जावा. आजही वाटतं. इतकी वर्षं झाली, बाबांना जाऊनही किती वर्षं झाली, आणि अजून कधी मोटारीत मागे बसले की पुढच्या माणसाच्या मानेकडे नजर जाते.

गोंदिया आलंच. शेठजींच्या गोदामासमोर मोटार थांबली. बाबा उतरले, चपला काढल्या, हात जोडले आणि सगळं सांगितलं. तणस, गोऱ्हा, दार. शेठजींनी वाकून पाहिलं आणि मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीने दाराच्या आतली फळी खोलली, हात आत घातला आणि तळव्याने दाबलं. टण् झालं आणि पोचा गेला. दुसराही तसाच गेला. तिसरा त्याने खालून दोनदा ठोकून वर आणला.

"बस?" शेठजी हसले. "इतनी सी बात के लिए इतनी दूर आए? जाओ, आराम से घर जाओ."

ड्रायव्हरने देवाचं नाव घेतलं. जाग्या झालेल्या आत्याबाई म्हणाल्या, "चला, सुटलो." नवरदेवही हसले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. इथून पुढे आमगावची, माझ्या सासरची वाट, आणि त्या वाटेवर बाबांचं काही काम उरलं नव्हतं.

बाबा मोटारीच्या मागे गेले. खाली बसले. "शेठजी, हे बी पाहा जी. इथं बी दबलं हाय."

"वो पुराना है."

"नाई जी. आमच्याच गोऱ्ह्यानं पाडला असंल. मी येतो ना आमगावले संगं, वापस येतांनी तुमी नीट पाहून घ्या."

"अरे भाई, दो साल पुराना है. मेरे लड़के ने दीवार पे ठोका था. जंग देखो उस पे." शेठजींचा आवाज एकदम मऊ झाला. "ये तुम्हारा नहीं है."

बाबा उठले. माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मला सांगायचं होतं की मी पाहिलं होतं, मी ओरडले नाही, जबाबदारी माझी होती. पण त्याआधीच ते म्हणाले, "पोचली की जेवून घेशील, माय."

मोटार सुरू झाली, पण हलेना. ड्रायव्हर थोडा वेळ थांबला. मग बाहेर डोकं काढून अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, हाथ हटाओ."

बाबांनी दारावरचा हात काढला.