कपाळावरचा सूर

लिंडरोडा गावात त्साइडलरच्या घरातल्या वाद्याला लोक 'मुंग्यांचा ऑर्गन' म्हणत. थट्टा अगदीच खोटी नव्हती. एकावर एक ठेवलेली दोन क्लॅविकॉर्डं, म्हणजे पट्ट्या दाबून तारा वाजवायच्या पेट्या, त्यांच्याखाली जमिनीलगत पायांनी वाजवायचं तिसरं, असा तो डोलारा खोलीची अर्धी जागा अडवून बसलेला. आणि आवाज म्हणाल तर स्वयंपाकघरात कुणी कोबी चिरायला घेतला की बुडालाच. रस्त्यावरून जाणाऱ्यांना मेल्खिओर त्साइडलर खिडकीशी बसून हातपाय हलवताना दिसायचा आणि ऐकू काहीच यायचं नाही. गावातली पोरं त्याची हुबेहूब नक्कल करत.

ऑर्गन वाजवणाऱ्याच्या घरी असलं वाद्य लागतंच. देवळातल्या ऑर्गनच्या नळ्यांत वारा भरणारे भाते तुडवायला माणूस हवा, आणि हिवाळ्यात तिथं बोटं गोठतात. म्हणून सराव घरी, शेगडीच्या उबेला. पण मेल्खिओर सरावाला म्हणून बसायचा आणि उठायचं विसरायचा. खालच्या जाड तारा पायांनी घुमायला लागल्या की तो आवाज कानाआधी बसायच्या बाकातून अंगात शिरायचा, आणि वर उजवा हात काहीतरी इतकं हळू बोलायचा, की ऐकणाऱ्यानं आपला श्वाससुद्धा जपून घ्यावा. असं ऐकणारं माणूस जगात एकच होतं, त्याची बायको झिबिला.

झिबिलाचा बाप शेजारच्या गावी देवळातल्या गाणाऱ्या मुलांचा मास्तर होता. ही पहिल्या बाकावर बसायची. कुणाचा सूर केसभर हलला की हिच्या भुवयांच्या मधोमध एक बारीक आठी उमटायची, तिच्या नकळत. मुलं मास्तरांच्या हाताकडे बघायची सोडून हिच्या कपाळाकडे बघत गायची. बाप म्हणायचा, "पोरगी चांगली आहे, पण हिच्याशी लग्न करणाऱ्यानं जन्मभर सुरात राहिलं पाहिजे."

ते धाडस मेल्खिओरनं केलं. तो त्यांच्या घरी यायचा तेव्हा बाप जेवून खुर्चीत पेंगायचा आणि हा बापाच्या साध्याशा क्लॅविकॉर्डवर वाजवायचा. नीट ऐकायचं तर झाकणाशी डोकं न्यावं लागे, आणि झाकणाशी डोकं नेलं की वाजवणाऱ्याच्या खांद्याशीही जावं लागे. या वाद्याची ही सोय पुष्कळ लग्नांना कारण झाली असावी. तिथं त्यानं तिला एकदा सांगितलं, "ऑर्गनवर मी नुसतं दार उघडतो, पुढचं काम वारा करतो. इथं पट्टीच्या टोकाचं पितळ तारेला जाऊन भिडतं ते मी बोट उचलीपर्यंत सोडत नाही. तोवर सूर माझ्या हातात असतो." आणि दाबलेल्या पट्टीवर त्यानं बोट किंचित हलवलं. सूर थरथरला, माणसाचा गळा भरून येतो तसा. झिबिलानं त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

मात्र या वाद्याची एक खोड असते. बोटाचा जोर जास्त झाला की तार ताणली जाते आणि सूर चढतो. ऑर्गनवर तुम्ही बुक्की मारा नाहीतर फुंकर घाला, त्याला फरक पडत नाही. क्लॅविकॉर्ड मात्र हाताचं पाप लगेच बोलून दाखवतं.

मेल्खिओर उतारवयाला लागला आणि एका हिवाळ्याच्या तोंडावर ड्यूक वारला. मुलुखभर दुखवटा पडला. घंटा तेवढ्या वाजायच्या. दुखवटा उठेपर्यंत सगळ्या देवळांतले ऑर्गन बंद. मेल्खिओरनं ऑर्गनला कुलूप घातलं, किल्ली गावच्या पाद्र्यांकडे दिली आणि घरी येऊन वाद्यापाशी बसला. भाते तुडवणारा फाइट दारात येऊन झिबिलापाशी रडगाणं गाऊ लागला. "ड्यूकसाहेबांना स्वर्ग मिळाला, बाई. माझ्या पायांना काय मिळालं?" जाता जाता म्हणाला, "आणि मालक हल्ली एवढे मोठे कधी झाले? बाजारात हाक मारली तर ढुंकून बघत नाहीत." झिबिलानं हसून वेळ मारून नेली.

पण त्याच आठवड्यात तिच्या कपाळावर आठी पडायला लागली. मेल्खिओर वाजवत होता आणि सूर चढत होते. सगळे नव्हेत, जिथं मन ओतावं असे लांबवायचे, थरथरवायचे सूर, नेमके तेच. तो थांबला, तारा पिळायची किल्ली काढली आणि सूर लावायला बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कधी शेगडीला दोष, कधी दमट हवेला. एकदा तर तो झिबिलावरच घसरला, "तू इथं कपडे वाळत घालतेस, तारा ऐकतील कशा?" तिनं कपडे माळ्यावर नेले. तिथं ते गोठून फळ्यांसारखे ताठ झाले आणि सूर काही उतरले नाहीत. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा प्रकार होता, पण हे तिला तेव्हा कळत नव्हतं.

तारा लावताना तो तिला समोर बोलवायचा. "इथं खिडकीत उभी राहा, उजेडाला. तू समोर असलीस की बरं वाटतं." इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यानं असं म्हणावं, हे झिबिलाला सुखवायचं. ती चुलीवरचं काम टाकून यायची आणि हात पुसत खिडकीत उभी राहायची.

एके सकाळी तो बाहेर गेलेला असताना ती वाद्यावरची धूळ पुसत होती. सहज तिनं एक पट्टी दाबली. सूर अगदी जागच्या जागी. दुसरी दाबली, तिसरी दाबली. एकही तार बिघडलेली नव्हती. मग तिनं त्याच पट्टीवर जोर दिला, ऐकू न येणारा माणूस देईल तेवढा जोर, आणि सूर चढला. फडकं हातात घेऊन ती तशीच बाकावर बसली. बिघाड वाद्यात नव्हता. तिच्या माणसाला ऐकू येईनासं झालं होतं, निदान कमी झालं होतं, आणि तो आवाज शोधण्यासाठी तारा दाबत होता.

तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, त्यालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वसंतात दुखवटा उठेल, ऑर्गन उघडेल. तिथं बोटाच्या जोराचं कुणाला कळतंय? बाकातून बसणारा हादरा आणि पाठ असलेलं गाणं यांच्यावर तो मरेपर्यंत निभावून नेईल. तेवढे दिवस फक्त कुणी घरात येऊन त्याला ऐकता कामा नये. कारण घर देवळाचं, सरपण देवळाचं, आणि मेल्खिओरला दुसरं काही येत नव्हतं. खालच्या गावचा ऑर्गनवाला डोळ्यांनी अधू झाला तेव्हा त्याला आणि त्याच्या बायकोला गोरगरिबांच्या धर्मशाळेत पाठवलं होतं, त्याला पुरुषांच्या बाजूला आणि तिला बायकांच्या. झिबिला एकदा त्यांना भेटायला गेली होती. त्या बाईनं झिबिलाच्या टोपलीतला पाव तिच्यादेखत उभ्याउभ्याच खाल्ला होता.

आणि नेमका निरोप आला. थोरले पाद्री क्रेत्शमर गावोगाव पाहणी करत निघाले होते आणि त्साइडलरकडे दुपारी जेवायला येणार होते. फाइटची जीभ गुत्त्यात सैल सुटली असणार. निरोपात लिहिलं होतं की दुखवटा देवळातल्या ऑर्गनला आहे. ज्याचा आवाज दाराबाहेर जात नाही त्या वाद्याला कसला दुखवटा, तेव्हा जेवणानंतर थोडं ऐकू.

मेल्खिओर घाबरेल असं झिबिलाला वाटलं होतं. तो घाबरला नाही. "तू खिडकीत उभी राहशील ना?" एवढंच त्यानं विचारलं.

तिची झोप उडाली. आजारी आहेत म्हणून सांगावं, तर पाद्री पुढच्या आठवड्यात परत येतील. तारा तोडाव्यात, तर त्याचा जीवच तुटेल. शेवटी तिला वाद्यातलीच युक्ती सापडली. क्लॅविकॉर्डच्या तारांमधून एका बाजूला लोकरीची फीत ओवलेली असते. तेवढा भाग मुका राहावा आणि दुसऱ्या बाजूनंच आवाज यावा, म्हणून. दुसरी बाजूही तशीच मुकी केली तर? बोटाला ताण तोच लागेल, तार शाबूत राहील, फक्त नाद उमटणार नाही. मेल्खिओर दोन सूर वाजवेल, त्याला काहीच ऐकू येणार नाही, आणि तो म्हणेल, माफ करा पाद्रीसाहेब, वाद्य बिघडलंय. त्याला कमी ऐकू येतं, पण अगदीच काही नाही असं थोडंच आहे? नादातला आणि नुसत्या लाकडातला फरक तर त्याला कळेलच. झिबिलाची सगळी मदार या एका 'थोडंच'वर होती.

पाद्री येण्याच्या सकाळी मेल्खिओर दाढी करून घ्यायला गेला, तेवढ्यात तिनं जुन्या करड्या मोज्याची लोकर उसवली, तिची वेणी घातली आणि झाकणाच्या सावलीत, तिन्ही पेट्यांच्या तारांमधून ओवून टाकली. एक पट्टी दाबून पाहिली. नुसतं खट्ट झालं.

जेवण चांगलं झालं. पाद्री क्रेत्शमर दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी सॉसेजची तारीफ केली, कोबी पुन्हा मागून घेतला आणि बोलताना मुद्दाम कधी तोंड फिरवून बोलले, कधी बशीत बघून. मेल्खिओर हसत मान डोलवत राहिला. मग तो उठला, वाद्यापाशी बसला आणि त्यानं हातानं झिबिलाला खिडकी दाखवली. ती उजेडात जाऊन उभी राहिली.

त्यानं सुरुवात केली. लाकूड लाकडावर आपटलं. पाय सरकले, खालून दणदण आवाज आला. पाद्रीसाहेबांनी कानामागे हात धरला. हे वाद्य हळू बोलतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आता थांबेल, झिबिलाला वाटलं. आता थांबेल. मेल्खिओर थांबला नाही. पाद्री झाकणापर्यंत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मेल्खिओर वाजवत होता आणि त्याची नजर पट्ट्यांवर नव्हती, तारांवर नव्हती. ती झिबिलाच्या कपाळावर होती.

तेव्हा तिला सगळं उमगलं. खिडकीतला उजेड, 'समोर असलीस की बरं वाटतं', न बिघडलेल्या तारांना रोज किल्ली. त्याला थोडंही ऐकू येत नव्हतं, कधीपासून कोण जाणे. तिच्या बापाच्या देवळातली मुलं गायची तसा तो तिच्या कपाळाकडे बघून वाजवत आला होता. आणि आज सूरच उमटत नव्हता, तर आठी पडणार कुठून? तिचं कपाळ गुळगुळीत होतं. त्याला वाटत होतं, सगळं जुळून आलंय.

एक आठी, बस. एक आठी पडली की तो अजूनही थांबेल, वाद्याला दोष देईल. झिबिलानं भुवया आवळायचा प्रयत्न केला. पण ती आठी तिच्या हुकमातली कधी नव्हतीच; ती सुरानंच पडायची. भुवया आवळायच्या ऐवजी डोळे भरून आले. मेल्खिओरनं ते पाहिलं आणि तो हसला, तिच्या बापाच्या घरी हसायचा तसा. उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवून त्यानं ते कितीतरी वेळ हलवलं. खोलीत लाकडाची किरकिर ऐकू येत राहिली.

संपल्यावर त्यानं हात मांडीवर ठेवले. "आज एकही सूर चढला नाही," तो तिला म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

पाद्री क्रेत्शमरनी तारांमधून लोकरीचं एक टोक बाहेर ओढलं, बोटांत धरलं आणि झिबिलाकडे पाहिलं. रागावलेले दिसत नव्हते. "बाई," ते हळू म्हणाले, "दुखवटा उठेल त्या रविवारी दुसरा माणूस येईल. घराचं मी उन्हाळ्यापर्यंत बोलून बघतो. त्यापुढे माझ्या हातात नाही." मग ते मेल्खिओरकडे वळले, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन दाबले आणि टोपी घालून निघून गेले.

मेल्खिओर बाकावरच होता. चेहरा तापून लाल झाला होता, पोरगा परीक्षा देऊन आल्यासारखा.

"काय म्हणाले?"

झिबिला अगदी त्याच्या समोर आली, ओठ नीट दिसतील अशी. "म्हणाले, छान वाजवलंत."

त्यानं तिच्या ओठांकडे पाहिलं. मग कपाळाकडे. खोट्या सुराला पडायची तशी बारीक आठी तिथं उमटली होती. त्यानं हात लांब करून झाकण लावून टाकलं.